भास्कराचार्य आणि टिंबानंतरचे आकडे

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी गावाकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. गाव आमचं परभणी जिल्ह्यातलं, पाथरी तालुक्यात. काम साधं होतं. लिटर टाकायचं, फॅटप्रमाणे दर टाकायचा, गुणाकार करून रोजची ओळ दाखवायची आणि दहा दिवसांनी पावती छापायची. मी सगळीकडे दोन दशांश स्थळं दाखवायला सांगितलं आणि काम झालं असं समजून परत हॉस्टेलला गेलो.

पुढच्या पगाराला शेजारची एक आजी पावती घेऊन आमच्या घरी आली. तिचं रोजचं दूध ४.३ लिटर आणि दर ३३.४८ रुपये धरू (दर खरं तर रोज थोडा बदलतो, इथे सोपं करून सांगतोय). रोजची ओळ १४३.९६ रुपये. दहा ओळींची बेरीज आजीने स्वतः केली, १४३९.६०. पावतीवर खाली छापलं होतं १४३९.६४. म्हणजे चार पैसे तिला जास्तच मिळत होते. तरी ती तक्रार करायला आली होती. तिचं म्हणणं एवढंच की वरचे आकडे खरे की खालचा? आज चार पैसे वर आहेत, उद्या खाली असतील तर कळणार कसं?

चूक माझीच होती. खरा गुणाकार १४३.९६४ येतो. प्रोग्रॅम आतमध्ये १४३.९६४ धरून बेरीज करत होता आणि दाखवताना फक्त १४३.९६ दाखवत होता. दाखवलेला आकडा एक, साठवलेला दुसरा. कॉलेजमध्ये प्रिंटएफ शिकवताना टक्का, टिंब, २, एफ असं लिहिलं की दोन घरं दिसतात एवढंच सांगतात. हे फक्त दिसण्यापुरतं आहे, आतला आकडा तसाच राहतो, हे कुणी ठासून सांगत नाही.

त्या सुट्टीत मी लीलावतीचं मराठी भाषांतर वाचायला घेतलं होतं, ते केवळ टाइमपास म्हणून. आणि मला वाटलं, अरे, हा माणूस तर आपलाच प्रॉब्लेम सोडवतोय. म्हणून आज भास्कराचार्यांबद्दल. नाव सगळ्यांना माहीत असतं. व्हॉट्सॲपवर त्यांच्या नावाने बरंच काही फिरतं, त्यातलं निम्मं बाजूला ठेवलेलं बरं. पण आकडा किती बारीक धरायचा, कुठे थांबायचं आणि थांबलोय हे सांगायचं कसं, याचा विचार करणारा हा माणूस म्हणून त्यांची ओळख फारशी करून दिली जात नाही.

त्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४. हे आपल्याला नक्की माहीत आहे कारण त्यांनी स्वतःच ग्रंथात लिहून ठेवलंय. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला हेही तिथेच आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. घराणंच ज्योतिष आणि गणिताचं. गावाचं नाव त्यांनी विज्जडविड असं दिलंय, सह्याद्रीजवळचं. ते नेमकं कोणतं यावर अभ्यासक भांडतात. कुणी बीड म्हणतं, कुणी विजापूर, तर महाराष्ट्रात बरेच जण जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. आम्हा मराठवाड्यातल्या पोरांना बीड आवडेल, पण पाटणच्या बाजूने एक मजबूत पुरावा आहे, त्याकडे नंतर येतो.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. आणि त्यावर वासनाभाष्य नावाची टीका त्यांनी स्वतःच लिहिली. म्हणजे कोडही स्वतः लिहिला आणि कॉमेंट्सही स्वतःच घातल्या. मी काम केलेल्या टीममध्ये हे करणारे दोनच जण भेटले.

लीलावती हे अंकगणिताचं पुस्तक. त्याची ती प्रसिद्ध गोष्ट तुम्ही ऐकली असेल: मुलीच्या लग्नाची वेळ मोजायला घटिकापात्र ठेवलं, तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला आणि मग वडिलांनी तिच्या नावाने पुस्तक लिहिलं. गोष्ट छान आहे. पण ती आपल्याकडे आली अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. त्यामुळे मी ती गोष्ट म्हणूनच ऐकतो.

पुस्तकाची सुरुवात होते पैशांच्या कोष्टकाने. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका द्रम्मात १२८० कवड्या. मग अंकांच्या स्थानांची नावं: एकं, दहं, शतं करत थेट परार्धापर्यंत, एकूण १८ स्थानं. आपल्या मोबाइलमध्ये दशांश संख्या साठवायचा जो नेहमीचा प्रकार आहे, डबल, तो जेमतेम १५ ते १७ आकडे नीट धरतो. त्यापुढे काय होतं ते खाली येईलच.

पुढे अपूर्णांकात एक उदाहरण येतं, ते माझं सगळ्यात आवडतं. एक कंजूष माणूस भिकाऱ्याला दान देतो. किती? एका द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा एक पंचमांश, त्याचा सोळावा भाग आणि त्याचा चौथा भाग. ऐकताना वाटतं काहीतरी मोठं चाललंय. गुणाकार करा: वर ६, खाली ७६८०, म्हणजे एक भागिले १२८०. कोष्टक आठवा. बरोबर एक कवडी.

आता हेच आपल्या पद्धतीने करू. एक भागिले १२८० म्हणजे ०.०००७८१२५. माझ्या त्या डेअरीच्या प्रोग्रॅमला हा आकडा दिला असता तर त्याने दोन घरांपर्यंत छापलं असतं ०.००. भिकाऱ्याची कवडी स्क्रीनवरून गायब! आणि भिकाऱ्याला कुणी विचारलं तर प्रोग्रॅम दाखवणार की तुला शून्य दिलंय. भास्कराचार्यांकडे दशांश चिन्हच नव्हतं. ते अंश वर, छेद खाली, मध्ये रेघ न मारता लिहायचे आणि पूर्णांक असला तर तो त्याच्याही वर. त्यामुळे कवडी कुठे हरवायचा प्रश्न येत नाही, १२८० समोर दिसतोच. दशांश अपूर्णांक युरोपात लोकांपर्यंत पोचवले ते सायमन स्टेविनने १५८५ मध्ये एक छोटं पुस्तक काढून. टिंबाने लिहिणं सोपं झालं हे खरंच. पण किती घरांनंतर तोडायचं ही नवी डोकेदुखीही त्याच टिंबाबरोबर आली.

म्हणजे भास्कराचार्यांना तोडायची वेळ यायचीच नाही असं नाही. वर्गमूळ आलं की यायचीच. लीलावतीत काटकोन त्रिकोणाचं एक उदाहरण आहे. दोन्ही बाजू सव्वातीन. कर्ण किती? वर्गांची बेरीज येते १६९ भागिले ८. याचं वर्गमूळ पूर्ण सुटत नाही. इथे ते जी युक्ती देतात ती बघा. अंश आणि छेद यांचा गुणाकार करा: १६९ गुणिले ८ म्हणजे १३५२. त्याला आपल्या मनाने घेतलेल्या एखाद्या मोठ्या वर्गसंख्येने गुणा. ते घेतात १०,०००, म्हणजे १०० चा वर्ग. झाले १,३५,२०,०००. आता याचं जवळचं वर्गमूळ काढा, येतं ३६७७. मग त्याला छेद गुणिले १०० ने, म्हणजे ८०० ने भागा. उत्तर ४ पूर्णांक ४७७ भागिले ८००.

कॅल्क्युलेटरवर हे ४.५९६२५ येतं. खरं उत्तर ४.५९६१९ च्या आसपास आहे. तिसऱ्या घरापर्यंत जुळतंय. जास्त बारीक हवंय? मग १०० ऐवजी १०,००० चा वर्ग घ्या. मूळ येईल ३,६७,६९६ आणि भागायचं ८०,००० ने. उत्तर ४.५९६२, चार घरांपर्यंत बरोबर. किती घरं हवीत ते तुम्ही ठरवायचं, आणि ते आधीच, गुणताना ठरवायचं. सगळं काम पूर्णांकात होतं, अपूर्णांक फक्त शेवटी भागताना येतो. ही नुसती वर्गमूळाची युक्ती नाही. आज बँकांचे आणि पैशांचे प्रोग्रॅम लिहिणारे रुपये दशांशात न साठवता सगळं १०० ने गुणून पैशांत, पूर्णांकात साठवतात, दाखवताना फक्त टिंब घालतात, ते हेच. मला हे डेअरीच्या आधी वाचायला मिळालं असतं तर आजीची फेरी वाचली असती.

आणखी एक बारीक गोष्ट. १,३५,२०,००० चं वर्गमूळ नीट काढलं तर ३६७६.९५ येतं. खालचा पूर्णांक ३६७६, पण त्यांनी धरलं ३६७७, जवळचा. कापून टाकणं आणि पूर्ण करणं यातला फरक. आजही काही भाषांमध्ये दशांश संख्या पूर्णांकात बदलली की टिंबापुढचं सरळ कापलं जातं, ३६७६.९५ चे ३६७६ होतात, आणि नवीन पोरं इथे हमखास फसतात. मीही फसलोय.

वर्तुळाचं बघा. परीघ काढायला ते दोन गुणोत्तरं देतात. एक ३९२७ भागिले १२५०, याला सूक्ष्म म्हणतात. दुसरं २२ भागिले ७, हे स्थूल, व्यवहारापुरतं. पहिलं भागून बघितलं तर बरोबर ३.१४१६ येतं. पायथनमध्ये पाय ही संख्या चार दशांश स्थळांपर्यंत छापली तर स्क्रीनवर हेच येतं. मला आवडतं ते हे की त्यांनी दोन्ही दिली आणि कोणतं जाडंभरडं, कोणतं बारीक हे नावासकट सांगितलं. व्यास ७ असेल तर सूक्ष्म परीघ २१ पूर्णांक १२३९ भागिले १२५०, स्थूल परीघ सरळ २२. विहिरीच्या कठड्याला विटा मागवायच्या असतील तर २२ पुरे.

थोडं थांबून ते सूक्ष्म उत्तर दशांशात करू: २१.९९१२. आता मोबाइलवर पूर्ण पाय घेऊन ७ ने गुणा आणि चार घरं दाखवा: २१.९९११. शेवटचा आकडा वेगळा! कारण पाय आधीच चार घरांपर्यंत पूर्ण करून घेतला आणि मग ७ ने गुणला, तर ती छोटी चूकही सातपट होते. आधी पूर्ण करून मग हिशोब आणि हिशोब करून मग पूर्ण करणं, यात उत्तर बदलतं. आजीच्या पावतीवरचे चार पैसे याच खिंडीत अडकले होते.

ग्रहगणितात गेलं की आकड्यांचं रूप पुन्हा बदलतं. तिथे एक कल्प ४,३२,००,००,००० वर्षांचं आणि त्यात दिवस १५,७७,९१,६४,५०,०००. ही मोजणी त्यांनी ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतून घेतली. भागाकार केला की वर्षाचे दिवस येतात ३६५.२५८४३७५. पण तेव्हाचा ज्योतिषी हे असं लिहिणार नाही. तो सांगणार ३६५ दिवस, १५ घटी, ३० पळे, २२ विपळे आणि वर ३० प्रतिविपळे. दर पायरीला साठाचे भाग. संख्या तीच, दाखवायची पद्धत वेगळी. आणि साठाची पद्धत काही मागास नव्हती. दिवसाचा एक तृतीयांश सांगायचा तर २० घटी, विषय संपला. दशांशात तोच ०.३३३३ करत कधीच संपत नाही. ज्या पायावर मोजता त्यात काही अपूर्णांक नीट बसतात, काही बसत नाहीत. कॉम्प्युटर दोनाच्या पायावर मोजतो आणि तिथे आपला साधा ०.१ बसत नाही. म्हणून पायथनला किंवा जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ विचारलं की तो ०.३०००००००००००००००४ सांगतो. सी भाषेत प्रिंटएफ नुसतं वापरलं तर सहाच घरं दिसतात, ०.३००००० असं, आणि पोरांना वाटतं सी जास्त हुशार आहे. नाही, तिथे फक्त चूक दिसत नाही. २.६७५ पायथनमध्ये दोन घरांपर्यंत पूर्ण केलं तर २.६८ ऐवजी २.६७ येतं तेही याच कारणाने. आत साठवलेली संख्या २.६७५ पेक्षा किंचित कमी असते.

गोलाध्यायात पृथ्वीचा परीघ दिलाय ४९६७ योजनं आणि व्यास १५८१ पूर्णांक एक चोविसांश. तो एक चोविसांश कशाला, असं मला आधी वाटलं होतं. मग ३.१४१६ ने गुणून बघितलं. त्या छोट्या तुकड्यासकट बरोबर ४९६७ जमतं, तुकडा टाकला तर ४९६६.८७ च्या आसपास येतं. वरची ओळ आणि खालची बेरीज जुळली पाहिजे, याची काळजी.

बीजगणितात त्यांनी वर्गप्रकृतीचं एक समीकरण सोडवलंय: अशी वर्गसंख्या शोधा की तिला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा वर्गसंख्याच यावी. चक्रवाल पद्धत, जी त्यांच्या आधीपासून चालत आलेली होती पण त्यांनी पूर्ण मांडली. सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. फर्माने हाच प्रश्न १६५७ मध्ये युरोपातल्या गणित्यांना आव्हान म्हणून टाकला होता. तुम्ही हे उत्तर मोबाइलवर डबल वापरून तपासायला गेलात तर गंमत होईल. दुसऱ्या संख्येचा वर्ग १९ आकडी आहे आणि तिथे डबलमधल्या दोन शेजारच्या संख्यांमध्ये ५१२ चं अंतर असतं. प्रश्नाचा सगळा जीव त्या मिळवलेल्या १ मध्ये, आणि नेमका तोच १ दिसणार नाही. इथे मोठे पूर्णांकच वापरावे लागतात.

शून्याने भागलं तर काय, यावर ते खहर नावाची राशी सांगतात, जिच्यात काही मिळवा, काही वजा करा, ती बदलत नाही. जावास्क्रिप्टमध्ये १ भागिले ० केलं की इन्फिनिटी छापलं जातं आणि त्यात ५ मिळवले तरी इन्फिनिटीच राहतं. इथपर्यंत जुळतं. पण एखादी संख्या शून्याने गुणून मग शून्यानेच भागली तर मूळ संख्या परत मिळते असंही ते म्हणतात, आणि हे आजच्या गणिताला मान्य नाही. कॉम्प्युटर तिथे ही संख्याच नाही असं सांगून हात वर करतो. मोठ्या माणसाचं सगळंच बरोबर होतं असं म्हणायची गरज नाही.

११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. कल्पाच्या आरंभापासून मोजायचं म्हणजे अवाढव्य आकडे. करणग्रंथात जवळचा एक दिवस आरंभ धरतात आणि तिथून पुढचं मोजतात, त्यामुळे आकडे लहान राहतात आणि पंचांग करणाऱ्याचं काम सोपं होतं. अचूकता थोडी सोडली, वेग मिळाला. त्या वयात बहुतेक लोक आपल्या मोठ्या ग्रंथावर बसून राहतात. त्यांनी रोज वापरणाऱ्यांसाठी छोटी आवृत्ती काढली.

आता तो पाटणचा पुरावा. तिथल्या देवीच्या देवळात १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. त्यात घराण्याची वंशावळ आहे, त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कराचार्य, मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेवापर्यंत. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने बोलावून नेलं, चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाला काय काय मिळायचं ते लिहिलंय, बाजारात गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या कराचा वाटा, घाण्याच्या तेलाचा वाटा. गणित शिकवण्याचा खर्च तेल्याच्या घाण्यावरून चालत होता.

आणि आमच्या पाथरीचं काय? जुनं नाव पार्थपूर. १५०३ च्या सुमारास इथल्या ज्ञानराजाने सिद्धान्तसुंदर नावाचा खगोलाचा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास, ज्याला सूर्य पंडितही म्हणतात, त्याने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि १५४१ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली. याच माणसाने एक काव्य असं रचलं की सुलट वाचलं तर रामाची कथा आणि उलट वाचलं तर कृष्णाची. स्ट्रिंग रिव्हर्स करायचा प्रोग्रॅम लिहिताना मला दर वेळी तो आठवतो. शाळेत दहा वर्षं मी पाथरीच्या आजूबाजूला काढली, हे नाव एकदाही कानावर पडलं नाही.

डेअरीचा प्रोग्रॅम मी त्याच सुट्टीत बदलला. रोजची रक्कम आधी पैशांत पूर्ण करायची, पूर्णांक म्हणून साठवायची आणि बेरीज त्या साठवलेल्या पूर्णांकांचीच करायची. पावतीवर खाली एक बारीक ओळही घातली की रोजची रक्कम जवळच्या पैशापर्यंत पूर्ण केली आहे. आजीला त्यामुळे दहा दिवसांचे चार पैसे कमी मिळायला लागले. तिने पुढच्या पावतीची बेरीज पुन्हा स्वतः केली, जुळली, आणि पावती घडी घालून बटव्यात ठेवली.